निरोप मैदानावरच द्यावा

कळमेश्वरच्या एका शाळेमागच्या मैदानावर दुपारी साडेचारपासून पोरं जमायला लागतात. नागपूर-इटारसी मार्गावरून एखादी लांबलचक मालगाडी धडधडत जाते. एमआयडीसीतल्या कारखान्यांची पाळी सुटलेली असते. फेब्रुवारीतली ही गोष्ट. मृग बहाराची संत्री निघाली होती आणि रस्त्याच्या कडेला क्रेटांनी भरलेला एक टेम्पो उभा होता. मी तिथे गेलो होतो मुलांचा फुटबॉल पाहायला. पाहून आलो ते वेगळंच.

सर नेहमीप्रमाणे सायकलवरून आले. कॅरिअरला चेंडूंची जाळी बांधलेली. कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस अकरा वर्षं त्या क्लबच्या मुलांना शिकवत होता. मानधन नावापुरतं, तेही कधी मिळे, कधी राहून जाई. मैदानात मात्र त्या दिवशी आधीच एक तरुण उभा होता. गळ्यात शिट्टी, अंगात नवा ट्रॅकसूट. तो रंगीत कोन मांडत होता. आदल्या रात्री पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला होता, ‘उद्यापासून सराव नवे प्रशिक्षक घेतील.’ सर त्या ग्रुपवर नव्हते. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन.

ते मिनिटभर सायकल धरून उभे राहिले. मग जाळी सोडली, चेंडू मोजले. नऊ होते. खिशातून हवा भरायची सुई काढली, पिशवीतून पंप काढला आणि दोन्ही त्या तरुणाच्या हातात दिलं. “तो पिवळा आहे ना, त्याचा वॉल्व्ह ढिला आहे. रोज हवा भरावी लागते,” एवढंच म्हणाले आणि सायकल वळवून निघून गेले. माझ्या शेजारी तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा बुटाची नाडी बांधत बसला होता. तो रस्त्याकडे बघत राहिला. “आमाले कोनी सांगतलंच नाही जी,” म्हणाला.

एक गोष्ट इथे आधीच सांगतो. क्लबचा निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. नव्या मुलाकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा परवाना आहे, तो चांगला शिकवतो, आणि सरांचे गुडघे आता साथ देत नाहीत. प्रशिक्षक बदलावे लागतात. पण त्या दिवशी मैदानात जे घडलं ते इतकं जिव्हारी लागलं, की गेले कित्येक महिने मी एकाच प्रश्नामागे आहे. क्लबने प्रशिक्षक बदलावा कसा? चारचौघांत, चाहत्यांसमोर, मुलांसमोर हे काम नीट करायची रीत कोणती?

मराठीत ‘निरोप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. निरोप म्हणजे कळवणं आणि निरोप म्हणजे पाठवणी. आपल्या फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला बहुतेक वेळा पहिला निरोप मिळतो, दुसरा मिळत नाही. पुष्कळदा पहिलाही सर्वांत शेवटी त्यालाच मिळतो.

नागपूर जिल्ह्यात ही गोष्ट जास्तच लागते, कारण इथला फुटबॉल माणसांवर उभा आहे. कामठीचा रब्बानी क्लब घ्या, नागपुरातले यंग मुस्लिम किंवा राहुल क्लब घ्या. मैदानं आहेत तशी, पैसा बेताचा, आणि तरी पिढ्यान् पिढ्या मुलं खेळतात, ती कुणीतरी रोज संध्याकाळी शिट्टी घेऊन उभं राहतं म्हणून. हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिकवणारे विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली आणि २००१मध्ये झोपडपट्टी फुटबॉल उभा केला. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ झालं. २०१६मध्ये या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि २०२२मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मुळे ही कथा घरोघरी पोचली. अशा ठिकाणी ‘सर’ हे पद नसतं, नातं असतं. करार संपला म्हणून नातं आपोआप संपत नाही.

आता मोठ्या क्लबांकडे येऊ. सुरुवात मुंबईपासून, कारण महाराष्ट्रातलं सर्वांत बोलकं उदाहरण तिथलं आहे.

मुंबई एफसी हा क्लब २००७मध्ये निघाला. २००९मध्ये त्याची सूत्रं खालिद जमील यांच्याकडे आली. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी खुद्द मुंबई एफसी असा प्रवास केलेला हा खेळाडू तेव्हा ३२ वर्षांचा होता. पुढची सात वर्षं त्याने आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय साखळीत, हा संघ टिकवला. विजेतेपद नाही, झगमगाट नाही. कमी पैशांतला, चिवट, गोल न खाणारा संघ, आणि हंगामाअखेर पदावनती टळलेली. २०१६मध्ये क्लबने दुसरी वाट धरली. संतोष कश्यप आले, हंगामाच्या मध्येच तेही गेले, त्यांच्या जागी ऑस्कर ब्रुझोन आले. २०१६-१७च्या आय-लीगमध्ये मुंबई एफसी १० संघांत दहावी आली, खालच्या श्रेणीत ढकलली गेली आणि नंतर क्लबच बंद झाला.

त्याच हंगामात खालिद कुठे होते? मिझोरामच्या ऐजॉल एफसीत. हा संघ आधीच्या वर्षी खालच्या श्रेणीत गेलेला. गोव्याच्या क्लबांनी आय-लीग सोडली म्हणून त्याला परत घेतलेलं. ३० एप्रिल २०१७ला शिलाँग लाजाँगविरुद्ध १-१ अशी बरोबरी साधून ऐजॉल भारताचा विजेता ठरला. ज्याला मुंबईने जाऊ दिलं तो देशाचा विजेता आणि मुंबईचा संघ तळाला, दोन्ही एकाच तक्त्यात.

निकाल काय लागेल ते कुणालाच आधी कळत नसतं, त्यामुळे या तक्त्यावरून मुंबईला मूर्ख ठरवण्यात अर्थ नाही. मला खुपतं ते वेगळं. सात वर्षं या संघाच्या सामन्यांना बाकांवर बसणारी जी थोडी माणसं होती, त्यांच्यासमोर ‘आम्ही हा बदल का करतो आहोत’ असं उभं राहून सांगायला हवं होतं, आणि या माणसाला मैदानावर बोलावून टाळ्या मिळायला हव्या होत्या. क्लब बंद पडला तेव्हा त्याच्यासाठी रस्त्यावर येणारे फारसे उरले नव्हते. माणसांना विश्वासात घेतलं नाही, तर गरजेच्या वेळी ती येत नाहीत.

गोव्याची कथा याच्या उलट वाटेने जाते, म्हणून ती जास्त शिकवते.

सर्जिओ लोबेरा २०१७मध्ये एफसी गोवाला आले. चेंडू पायात ठेवून, पास देत देत पुढे जाणारा देखणा खेळ त्यांनी फातोर्ड्याच्या मैदानाला दिला. २०१९च्या मार्चमध्ये बेंगळुरूविरुद्ध भारतीय सुपर लीगचा अंतिम सामना जादा वेळेत हरले. एप्रिलमध्ये चेन्नईयिनला हरवून सुपर कप जिंकला. पुढच्या हंगामात लीग शिल्ड, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाचा मान, हाताच्या अंतरावर होती. या शिल्डबरोबर प्रथमच आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळणार होता. साखळीतले ३ सामने उरले असताना, २०२०च्या जानेवारीच्या शेवटच्या दिवशी, क्लबने लोबेरांना पदावरून दूर केलं.

गोव्यात त्या दिवशी काय झालं असेल याची कल्पना करा. जिथे फुटबॉल देवळात, चर्चमध्ये आणि तावेर्नात सारख्याच तावातावाने बोलला जातो, तिथे संघ जिंकत असताना प्रशिक्षक गेला. मतभेदांच्या बातम्या छापून आल्या, पण चाहत्याच्या मनाचं समाधान होईल असं काही हाती लागलं नाही. मग क्लबने एक शहाणपणाची गोष्ट केली. बाहेरून कुणी बडं नाव आणलं नाही. सूत्रं क्लिफर्ड मिरांडांकडे दिली. गोव्याचाच मुलगा, याच क्लबचा माजी खेळाडू, ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाला ओळखणारा. सोबतीला तंत्रसंचालक डेरिक परेरा. हैदराबादला ४-१, मुंबई सिटीला ५-२, जमशेदपूरला ५-०. तीन सामन्यांत १४ गोल, आणि शिल्ड गोव्याची.

म्हणजे क्लब बरोबर होता? थांबा. त्या उन्हाळ्यानंतर लोबेरा मुंबई सिटीत गेले. त्यांच्यापाठोपाठ मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमूस आणि गोव्याच्या मातीतला मंदार राव देसाई हेही मुंबईला गेले. करोनामुळे २०२०-२१चा सारा हंगाम गोव्यातच झाला. मार्चमध्ये उपांत्य फेरीत मुंबईने गोव्यालाच पेनल्टींवर हरवलं आणि १३ मार्च २०२१ला फातोर्ड्याच्या मैदानावर एटीके मोहन बागानला २-१ असं नमवून चषक उचलला. शिल्ड आधीच जिंकली होती. ज्या मैदानावर निरोपाचा एक शब्दही लोबेरांना मिळाला नव्हता, त्याच मैदानावर ते दुसऱ्या रंगाच्या कपड्यांत चषक घेऊन उभे होते. माझ्या मते गोव्याने प्रशिक्षक बदलताना उद्या कोण शिकवणार याचं उत्तर उत्तम दिलं आणि काल शिकवणारा का गेला याचं उत्तर दिलं नाही. अर्धं काम झालं, आणि राहिलेल्या अर्ध्याची किंमत पुढच्या वर्षी मोजली.

पुण्याचं सांगायला फार नाही, आणि त्याचंच वाईट वाटतं. एफसी पुणे सिटीची जर्सी आमच्या संत्र्याच्या रंगाची, म्हणून माझा त्या संघावर जरा जास्तच जीव. २०१८च्या हंगामात प्रशिक्षक मिगेल आंखेल पोर्तुगाल ३ सामन्यांत गेले, प्रद्युम रेड्डींनी हंगामी काम पाहिलं, मग फिल ब्राऊन आले. बालेवाडीच्या मैदानावर येणाऱ्या माणसाला नाव पाठ व्हायच्या आत नाव बदलत होतं. २०१९मध्ये क्लबच उठून हैदराबादला गेला.

असं का होतं? क्लबवाले दुष्ट असतात म्हणून नाही. एक कारण पैशाचं आहे आणि ते समजून घ्यायला हवं. प्रशिक्षकांच्या करारांसाठी फिफाने १ जानेवारी २०२१पासून स्वतंत्र नियम लागू केले. सबळ कारणाशिवाय करार तोडला तर भरपाई द्यावी लागते. म्हणून निवेदन लिहायला वकील बसतो. ‘परस्पर संमतीने’ हे दोन शब्द त्याच्याच टेबलावर जन्मतात. कारण लिहिलं तर ते उद्या लवादापुढे पुरावा ठरेल, म्हणून कारण गाळायचं. दुसरीकडे नव्या माणसाशी बोलणी चाललेली असतात. ती फुटू नयेत म्हणून जुन्याला शेवटच्या घटकेपर्यंत अंधारात ठेवायचं. बातमी मात्र फुटतेच. मँचेस्टर युनायटेडच्या डेव्हिड मॉइस यांना २२ एप्रिल २०१४ला काढल्याचं क्लबने जाहीर केलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी ते आदल्या दिवशीच सांगून टाकलेलं होतं. स्पेनने २०१८च्या विश्वचषकाच्या आदल्या दिवशी युलेन लोपेतेगींना घरी पाठवलं, कारण रेआल माद्रिदने त्यांना नेमल्याचं स्पेनच्या संघटनेला ऐन वेळी कळलं. इथे अंधारात ठेवलं गेलेलं ती संघटना होती. गाठ तीच, फक्त टोक दुसरं.

दुसरं कारण आपलं घरचं आहे. त्याला मराठीत भीड म्हणतात. त्याच्याकडे नंतर येतो.

देशाच्या संघाचं पाहू, कारण ते सगळ्यांनी पाहिलं आहे. ६ जून २०२४ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध सुनील छेत्री शेवटचा सामना खेळला. तीन आठवडे आधी त्याने स्वतः जाहीर केलं होतं. हजारो माणसं उभी राहिली, खेळाडूंनी रांग करून मानवंदना दिली, तो रडला, आपणही रडलो. असा असतो निरोप. त्यानंतर ११ दिवसांनी, कतारकडून हरून विश्वचषक पात्रतेच्या पुढच्या फेरीची दारं बंद झाल्यावर, महासंघाने संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांचा करार तात्काळ संपवला. पाच वर्षं ते त्या पदावर होते. पुढच्या फेरीत नेलं नाही तर मी जाईन, असं ते मार्चमध्ये बोलले होते. पण २०२३मध्ये महासंघानेच त्यांचा करार २०२६पर्यंत वाढवला होता. मग दोन्हीकडून चिखलफेक झाली, कायद्याची भाषा झाली आणि शेवटी सुमारे ४ लाख डॉलर देऊन तडजोड झाली. ज्या महासंघाकडे मुलांच्या स्पर्धांना पैसा पुरत नाही, त्याने हे पैसे मोजले.

स्टिमाच यांच्या जागी मानोलो मार्केझ आले तेच एफसी गोवाचं काम सांभाळत. वर्षभरात, २०२५च्या जुलैत, तेही परस्पर संमतीने गेले. नव्या प्रशिक्षकासाठी १७० अर्ज आले. त्यात बार्सिलोनाचा माजी प्रशिक्षक चावी याचा अर्ज असल्याची बातमी देशभर झाली आणि दुसऱ्या दिवशी महासंघानेच तो अर्ज खरा नसल्याचं सांगितलं. जगभरात हसं झालं. अर्ज खरा की खोटा हे पाहायच्या आधीच तो लोकांसमोर गेला, आणि खरे अर्जदार बाजूला राहिले. १ ऑगस्ट २०२५ला त्यांच्यातून निवड झाली ती खालिद जमील यांची. मुंबईने सोडलेला तोच माणूस. मधल्या काळात त्याने नॉर्थईस्ट युनायटेडलाही हंगामाच्या मध्यात हाती घेऊन बाद फेरीत नेलं होतं. भारतीय सुपर लीगमध्ये असं करणारा तो पहिला भारतीय प्रशिक्षक. १३ वर्षांनी देशाच्या संघाला भारतीय प्रशिक्षक मिळाला आणि पहिल्याच स्पर्धेत, काफा नेशन्स कपमध्ये, त्याने तिसरा क्रमांक आणला. ही नेमणूक योग्य झाली, पण तिच्याकडे जाणारी वाट अशी असायला नको होती.

हा फुटबॉलचाच रोग आहे असंही नाही. विराट कोहलीला डिसेंबर २०२१मध्ये एकदिवसीय संघाच्या कर्णधारपदावरून दूर केल्याचं क्रिकेट मंडळाने सांगितलं ते कसोटी संघाच्या घोषणेबरोबर, एका ओळीत. निवड समितीच्या बैठकीच्या दीड तास आधी आपल्याला फोन आला, असं त्याने नंतर पत्रकारांना सांगितलं. तो मोठा खेळाडू होता म्हणून त्याला ते सांगायला व्यासपीठ मिळालं. कळमेश्वरच्या सरांना कुठलं?

नीट केलेली उदाहरणंही आहेत. लिव्हरपूलच्या युर्गन क्लॉप यांनी २६ जानेवारी २०२४ला सांगितलं, या हंगामानंतर मी जाणार. चार महिने सगळ्या गावाला सवय करायला मिळाली. शेवटच्या सामन्याला त्यांनी मैदानावर माईक घेऊन चाहत्यांना पुढच्या प्रशिक्षकाचं नाव गायला लावलं आणि दुसऱ्याच दिवशी आर्ने स्लॉट यांची नेमणूक जाहीर झाली. आपल्याकडे, मुंबई सिटीचे डेस बकिंगहॅम नोव्हेंबर २०२३मध्ये हंगामाच्या मध्येच इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेले. क्लबने ते उघड सांगितलं, अँथनी फर्नांडिस यांना हंगामी सूत्रं दिली, डिसेंबरमध्ये पेत्र क्रात्की आले आणि ४ मे २०२४ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून मुंबईने चषक जिंकला. प्रशिक्षक मध्येच गेला म्हणून घर मोडलं नाही.

मला विचाराल तर रीत अवघड नाही. ज्याला काढायचं त्याला आधी सांगावं, समोर बसवून, अध्यक्षाने स्वतः, फोनवर नाही. मग त्याच दिवशी कर्णधार आणि सगळे खेळाडू, कपडे धुणारा आणि गवत कापणाराही. मग चाहते. वर्तमानपत्र सर्वांत शेवटी, पण काही तासांच्या आत, म्हणजे अफवेला जागा राहत नाही. निवेदनात उद्याचा सराव कोण घेणार हे पहिल्या दोन ओळींत असावं, कारण मुलांचा आणि पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. कारण एका ओळीत लिहावं, खोटं नसलेलं. ‘निकाल अपेक्षेप्रमाणे नव्हते’ हेही चालेल. ते बोचतं, पण माणूस ते पचवतो. न सांगितलेलं कारण पचत नाही, कारण ते लोक स्वतः रचतात आणि लोकांनी रचलेलं नेहमी जास्त घाण असतं. आभार मानावेत तर नेमके मानावेत. ‘मोलाच्या योगदानाबद्दल’ असं न लिहिता, तुमच्या हाताखालून अमुक मुलं जिल्ह्याच्या संघात गेली असं लिहावं. आणि नव्या माणसाचा हार-तुऱ्याचा फोटो त्याच तासाला टाकू नये. एक दिवस थांबलं तर काही बिघडत नाही.

वकील यातलं काहीच अडवू शकत नाही. सन्मानाने वागल्याबद्दल कुठल्याही लवादाने कुणाला दंड केलेला नाही.

कळमेश्वरच्या क्लबच्या एका जुन्या पदाधिकाऱ्याकडे मी मुद्दाम गेलो. दारात संत्र्याची झाडं, ओसरीवर दोन करंडक. सरांना आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “कोणत्या तोंडाने सांगायचं होतं जी? माझ्या पोराला शिकवलं त्यांनी. वाईट वाटलं असतं त्यांना.” भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. सरांना वाईट वाटू नये म्हणून पाच माणसं गप्प बसली आणि सरांना ते सगळ्या पोरांसमोर कळलं. या माणसाच्या मनात खोट नव्हती. पण त्या खुर्चीवर बसणाऱ्याला भीड परवडत नाही. वाईट बातमी स्वतः तोंडाने सांगणं हाच त्या पदाचा अर्धा पगार आहे.

मग सरांच्या घरीही गेलो. त्यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. नवा पोरगा कसा शिकवतो, दोन्ही पायांनी मारायला लावतो का, हे विचारलं. एका वहीत सगळ्या मुलांची नावं होती, समोर वय, बुटाचा नंबर आणि ‘डावा’ किंवा ‘उजवा’. ती वही नव्या प्रशिक्षकाला द्यायची राहून गेली, एवढं एक त्यांच्या मनाला लागून होतं. कुणी मागायलाच आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्या मैदानावर मुलांचे सामने आहेत. क्लबच्या मंडळींच्या हाती हा अंक पडला तर माझी हात जोडून विनंती आहे. पहिल्या सामन्याआधी सरांना मैदानात बोलवा. एक नारळ, एक शाल, आणि मुलांसमोर दोन वाक्यं. नव्या प्रशिक्षकाला त्यांच्या हातून ती वही घेऊ द्या. मी सरांना विचारलं आहे. ते येतो म्हणाले.